श्रीवर्धनच्या बाजारातील मोरचूद-तुरटीचे दुकान

श्रीवर्धनच्या बाजारपेठेत काष्ठौषधी, पूजेचे सामान आणि बागायतीची औषधे एकाच छपराखाली विकणारे एक जुने दुकान आहे. हिरडा-बेहडा किंवा धूप-कापूर यांसाठी तेथेच जाण्याचे काही कारण नाही. ते कोठेही मिळते. मी येथे केवळ तेथील मोरचूद (तांब्याचे सल्फेट), तुरटी, हिराकस (लोहाचे सल्फेट) आणि गोदंती (जिप्सम) यांविषयी लिहीत आहे. रसायनशास्त्राच्या दृष्टीने ही चारही सल्फेटेच, पण त्यांतील एक दाढीनंतर गालावर फिरवायची आणि एक विषारी, त्यामुळे विकणाऱ्याला मालाची जाण असणे येथे फार महत्त्वाचे ठरते.

ती जाण मोरचूद घेताना दिसते. गल्ल्यावरचे वयस्कर गृहस्थ वजन करण्यापूर्वी विचारतात, "फवारणीला हवा की खोडाला लावायला?" श्रीवर्धनच्या रोठा जातीच्या सुपारीला पावसाळ्यात कोळेरोग लागतो, कोवळी फळे सडून गळतात, आणि त्यावर बोर्डो मिश्रण हा वाडीतला रुळलेला उपाय आहे. फवारणीसाठी 1 टक्क्याचे मिश्रण लागते, म्हणजे 1 किलो मोरचूद, 1 किलो कळीचा चुना आणि 100 लिटर पाणी. आंब्याच्या खोडाला लावायच्या मलमात त्याच मोरचुदाला आणि चुन्याला पाणी मात्र 10 लिटरच. येथे मिळणारे खडे गडद निळे व टणक असतात. कोरड्या, उष्ण जागी स्फटिकातले पाणी उडून त्यांच्यावर पांढुरकी पूड धरते, तो दोष नव्हे. हिरवट झाक मात्र दिसली तर हिराकसाची भेसळ असल्याची शंका घ्यावी. तशी झाक मला या दुकानात कधी आढळली नाही.

त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे चुना. बहुतेक ठिकाणी चुन्याचे पोते उघडे पडलेले असते. हवेतील ओल आणि कार्बन डायऑक्साइड शोषून तो मरतो आणि मग मोरचूद कितीही चांगला असला तरी मिश्रण बिघडते. येथे कळीचा चुना झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात असतो आणि पाणी टाकताच फसफसून तापतो. दोन्ही द्रावणे प्लास्टिकच्या वेगवेगळ्या पिंपांत करावीत, लोखंडी भांडे वापरू नये आणि तयार मिश्रण त्याच दिवशी संपवावे, हे गिऱ्हाइकाला न विचारता सांगितले जाते. घासलेल्या कोयतीचे पाते मिश्रणात बुडवून ते तांबूस झाले तर चुना कमी पडला, ही कसोटीही तेथे सांगतात. लोखंडावर बसलेला तो तांबूस थर तांब्याचा असतो. पंप ओढ्यात किंवा विहिरीपाशी धुऊ नये, हे सांगायला मात्र ते विसरतात. तांब्याचे हे क्षार माशांना घातक असतात.

तुरटी दोन प्रकारची आहे आणि त्यांची सरमिसळ होत नाही, याचे मला कौतुक वाटते. एक पोटॅशची, दुसरी अमोनियाची. दिसायला दोन्ही सारख्याच पारदर्शक. ओल्या चुन्याबरोबर चोळल्यावर ज्या खड्याला नाकात झोंबणारा उग्र वास येतो तो अमोनियाचा. पावसाळ्यात विहिरीचे पाणी गढूळ झाले की हंड्यात खडा थोडा वेळ फिरवून पाणी स्थिर ठेवतात, म्हणजे गाळाचे पुंजके तळाशी बसतात. यासाठी आणि दाढीसाठी मी पोटॅशची घेतो. अर्थात तुरटीने पाणी निवळते, निर्जंतुक होत नाही. ते उकळावेच लागते. तव्यावर टाकली की ती स्वतःच्याच पाण्यात वितळून फुगते आणि तिची लाही होते. ती लाहीही येथे तयार मिळते, पण पुडीतली लाही दमट लागल्यामुळे खडा घेऊन घरीच फुलवणे बरे.

हिराकस येथून घेऊ नये. हिरड्याच्या काढ्यात घालून काळी शाई करण्याची जुनी रीत करून पाहायची असेल किंवा पिवळ्या पडलेल्या रोपांना लोह द्यायचे असेल, तर खडे फिकट हिरवे हवेत. येथील पोते उघडे असल्याने किनाऱ्यावरच्या दमट हवेत वरचा थर गंजासारखा तपकिरी झालेला आहे. गोदंतीचे तुकडे स्वच्छ व रेशमी चमकेचे आहेत. समुद्राचे पाणी मिठागरात आटू लागले की मिठाच्या आधी खाली बसते तेच हे कॅल्शियम सल्फेट. भाजून त्यातले बरेचसे पाणी घालवले की प्लास्टर ऑफ पॅरिस होते. पण औषधी भस्मासाठी ती वैद्यांच्या सल्ल्याविना घेण्यात अर्थ नाही.

माझी गंभीर तक्रार एकच आहे. मोरचूद ज्या पत्र्याच्या मापाने काढतात, त्याच मापाने पादेलोण काढताना मी पाहिले आहे, आणि दोन्ही पुड्या सारख्याच वर्तमानपत्राच्या कागदात, नावाविना बांधल्या जातात. मोरचूद पोटात गेला तर उलट्या होतात, यकृत आणि मूत्रपिंडाला इजा होते. इतका जाणता दुकानदार याबाबत इतका ढिला असावा, हे पटत नाही. पादेलोण, पापडखार असे खाण्याचे काहीही तेथून घेऊ नये.

भाव आकर्षक पाकिटांतील मालापेक्षा कमी असून बिल मागितल्यास मिळते. दुपारी दुकान बंद असते. पहिली फवारणी पावसाआधी उरकायची असल्याने मे महिन्याच्या अखेरीस बागायतदारांची गर्दी उसळते आणि चुना संपतो, म्हणून आधीच जावे व झाकणाचा प्लास्टिकचा डबा घरून न्यावा.