बॅटरीवाला चेनसॉ: फांद्यांना झकास, बुंध्याला पेट्रोलच

छाटणीची कामं घेणारे बरेच जण विचारतात की बॅटरीचा चेनसॉ, म्हणजे साखळीची मशीन करवत, धंद्याला परवडतो का. सरळ सांगतो, वर चढून फांद्या उतरवायला परवडतो, खाली बुंधा पाडायला आणि ओंडके करायला नाही. आमचं काम पुण्यातल्या सोसायट्यांचं, पावसाळ्याआधीची छाटणी, गुलमोहर, रेन ट्री, सुबाभूळ, मधेच एखादा नारळ, त्या हिशोबाने वाचा. शेताच्या बांधावरच्या बाभळी पाडणाऱ्याचं गणित वेगळं.

माझ्याकडे टॉप हँडलवालं (मूठ वरच्या बाजूला असलेलं) आहे, १० इंची बार (ज्याभोवती साखळी फिरते ती पट्टी), १८ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकदम लागतात म्हणजे ३६ व्होल्ट. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही कारण पुढे कुरकुर पण करणार आहे.

फायदा नंबर एक म्हणजे स्टार्टिंग. वर दोरावर लटकलेलं असताना पेट्रोलच्या मशीनची दोरी ओढणं काय असतं ते ज्याने केलंय त्यालाच माहीत, आणि एकदा तापलं की पुन्हा पटकन सुरू व्हायचं नाव नाही, म्हणून मग चढणारे आयडलला गुरगुरतं ठेवूनच या फांदीवरून त्या फांदीवर जातात, जे अजिबात बरोबर नाही. बॅटरीवाल्यात ट्रिगर सोडला की साखळी बंद, मशीन कमरेला, विषय संपला. खाली दोर धरलेल्या पोराशी साध्या आवाजात बोलता येतं, "ताण जरा, हां, आता सोड हळू" एवढंच, बोंबलावं लागत नाही. तोंडावर धूर नाही आणि सकाळी लवकर सुरू केलं तरी खिडकीतून कुणी काका ओरडत नाहीत. (आवाज होत नाही म्हणजे परवानगी नको असं डोक्यात आणू नका, १९७५ चा झाडांचा कायदा बॅटरीलाही लागू आहे, वृक्ष अधिकाऱ्याचा कागद हातात असल्याशिवाय झाडाला हात लावायचा नाही.)

पण हीच शांतता धोक्याची पण आहे. पेट्रोलचं चालू आहे हे गल्लीला कळतं, हे गप्प असतं म्हणून लोक खेळण्यातलं समजतात, बोट लागलं तर तेवढ्याच जोरात फिरतं. साखळी ताणताना, साखळीच्या दातांना कानस मारताना आधी बॅटरी बाहेर, नुसत्या साखळीच्या ब्रेकवर भरवसा नको.

आता मेन मुद्दा, दम किती. १८ व्होल्ट ५ अँपिअर-अवरची एक बॅटरी म्हणजे ९० वॉट-अवर (साठवलेल्या ऊर्जेचं माप), जोडी १८०. एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण ८,९०० वॉट-अवर असतात, छोट्या टू-स्ट्रोकमध्ये त्यातला बराचसा भाग उष्णता आणि धुरात जातो, समजा पाचवा हिस्साच साखळीपर्यंत पोचला तरी अशा १० जोड्यांच्या आसपास होतात. म्हणजे खरा खर्च मशीनचा नाहीच, बॅटऱ्यांचा आहे. मनगटाएवढ्या फांद्यांना हे जाणवत नाही कारण मधल्या वेळेत दोर बांधणं, जागा बदलणं चालू असतं आणि तेव्हा बॅटरी काही खात नाही. पण मांडीएवढ्या जाड चिंचेत घाला, दाब दिला की मोटर ओव्हरलोड होऊन थांबते, ट्रिगर सोडा, परत दाबा, परत थांबते, डोकं फिरतं. वर मे महिन्याचं ऊन. बॅटरी तापलेली असली की चार्जर घेतच नाही, लाइट मिचकावत बसतो, आणि आपण वॉचमनच्या केबिनमध्ये प्लगपाशी उकिडवे. तापलेली बॅटरी सावलीत ठेवा, टेम्पोच्या डॅशबोर्डवर नको.

बोथट साखळी पेट्रोलमध्ये खपून जाते, इथे नाही, चार्ज डोळ्यादेखत उतरतो. भुसा पिठासारखा बारीक पडायला लागला की थांबा आणि कानस मारा. बारीक पिचची (कड्या जवळजवळ असलेली) साखळी असते, ३/८ इंच लो प्रोफाइलला बहुधा ४ मिलीमीटरची गोल कानस, १/४ इंचीला साखळीप्रमाणे ३.२ किंवा ४ ची, हार्डवेअरवाल्याकडे मिळेलच असं नाही, मशीनसोबतच दोन-चार घेऊन ठेवा. वड-पिंपळाचा चीक आणि नारळाचे धागे स्प्रॉकेटच्या (साखळी फिरवणाऱ्या दातेरी चाकाच्या) कव्हरमध्ये गच्च बसतात, रोज उघडून साफ करायचं.

वादळात पडलेल्या झाडाला तर हे नेऊच नका. एकतर लाइट गेलेली असते, चार्ज कुठे करणार, दुसरं म्हणजे पावसात वापरायची मुभा काही प्रोफेशनल मॉडेललाच असते. मोठी बॅटरीवाली मशीन पण आता निघालीत, स्टील (Stihl) कंपनीचं एमएसए ३०० तर ३ किलोवॅटचं आहे, पण दिवसभर बुंधे पाडायचे म्हटलं की बॅटऱ्यांचा ढीग लागणार. अमेरिकेत कॅलिफोर्नियाने २०२४ पासून छोट्या पेट्रोल इंजिनांच्या नव्या मशीनवर बंदी आणली, तरी ४५ सीसी आणि वरचे चेनसॉ त्यातून सुटलेत.

घेणार असाल तर ऑनलाइन दिसणाऱ्या किमतीत बॅटरी-चार्जर आहे का ते आधी बघा, बहुतेक वेळा नुसती बॉडी असते. आणि ती ४८ व्होल्ट लिहिलेली चार इंची मिनी मशीन घरच्या जास्वंदीला ठीक आहेत, आत पाचच सेल असतात, म्हणजे १८ व्होल्ट, फुल चार्जला २१, बाकी सगळा स्टिकर.

हां, बार ऑइल, म्हणजे बार-साखळीला लागणारं तेल, यालाही लागतंच. आडवं ठेवलं की टाकीतून झिरपतं, माझ्या टेम्पोत दोर तेलकट होतात म्हणून खाली जुनं गोणपाट टाकतो, तेवढं तुम्ही पण टाका.