‘ययाति’: अखेर वाचली, पाचपैकी अडीच तारे

पावसाळ्यात बडोद्यातल्या मांडवीच्या सेंट्रल लायब्ररीतून आणली, मग स्वतःची प्रत घेतली, दिवाळीनंतर संपवली आणि काही भाग पुन्हा वाचले. त्यामुळे हे पहिल्या रागातलं मत नाही.

खांडेकरांच्या या कादंबरीला १९६० साली साहित्य अकादमी मिळाली, १९७४ साली मराठीतलं पहिलं ज्ञानपीठ. आमच्या दांडिया बाजारच्या घरात मात्र तिचा दरारा आत्याच्या वहीमुळे. कॉलेजात असताना तिनं यातली वाक्यं उतरवून घेतली, आणि लग्नाच्या शुभेच्छांपासून सांत्वनाच्या पत्रापर्यंत ती कुठेही वापरते. मी गुजराती माध्यमातली, त्यामुळे ‘अजून ययाति नाही वाचलीस?’ हे दर गणपतीत ऐकलंय.

घोडं अडतं ते या वाक्यांपाशीच. वहीत सुटं वाक्य देखणं दिसतं. इथे पानामागून पान तीच. प्रसंग रंगात येतो, आता कुणीतरी कुणाला लागेल असं बोलणार, तेवढ्यात फुलं, चांदणं, समुद्र येतात, आयुष्यावर एक विधान होतं आणि सगळं थंड पडतं. कथा सांगणारे तिघं: राजा ययाति, शुक्राचार्यांची हट्टी देवयानी, दासी झालेली राजकन्या शर्मिष्ठा. पण भाषा तिघांची एकच, उपमाही त्याच. वरचं नाव झाकलं तर कोण बोलतंय हे ‘गेलो’ की ‘गेले’ एवढ्यावरूनच ओळखायचं.

देवगुरू बृहस्पतींचा मुलगा कच आला की प्रवचन. महाभारताच्या आदिपर्वात तो शुक्राचार्यांकडे संजीवनी शिकतो, देवयानीचा शाप घेतो आणि देवांकडे परततो. इथे तो पुन्हा पुन्हा येतो, ययातीसमोर संयमाचा नमुना म्हणून. नमुन्याशी भांडणार कसं?

ययातीचं तर मला वाईटच वाटलं. लेखक त्याला धड सुख भोगू देत नाहीत, लगेच पश्चात्ताप. महाभारतातला ययाति आपल्या मुलाचं, पुरूचं तारुण्य घेऊन हजार वर्षं उपभोगतो आणि मगच म्हणतो, की तूप ओतल्यानं अग्नी वाढतो तशी भोगानं वासना वाढतेच. ती हजार वर्षं कादंबरीत नाहीत, म्हणून इथलं शहाणपण उधारीचं वाटतं.

वरचा अर्धा तारा देवयानीचा. शर्मिष्ठेला दासी म्हणून मागून घेणं, राणी झाल्यावरही न गेलेला, कचानं नाकारल्याचा सल, तो सगळा फणकारा! खांडेकरांना ती फारशी आवडत नसावी, आणि म्हणूनच बहुधा ती त्यांच्या हातून निसटून जिवंत झालीय. अलका या दासीकन्येचा भागही मनाला लागला.

माझ्या प्रतीची बांधणी मधेच सुटली, छपाई ठीक.

बडोद्यात मुलांना ‘मराठी सुधारेल’ म्हणून हीच हातात देतात. द्यायचीच असेल तर देवयानीचे भाग आधी वाचायला सांगा. ते आवडले नाहीत तर बाकीच्यासाठी मागे लागू नका.