भाडं तुमचं, टीडीएस दुसऱ्याच्या पॅनवर: दुरुस्ती मागावी की रिटर्नमध्येच निस्तरावं?

समजा, पुण्यातला एक फ्लॅट नवरा-बायकोच्या समान मालकीचा आहे. भाडेकरू एक कंपनी, भाडं महिन्याला ६०,००० रुपये. वर्षाचे झाले ७,२०,००० आणि १० टक्क्यांनी टीडीएस (भाडं देतानाच कापून सरकारकडे भरलेला कर) ७२,०००. करारात नवऱ्याचं नाव पहिलं, म्हणून अकाउंट्सवाल्यांनी सगळा टीडीएस त्याच्याच पॅनवर टाकला. बायकोच्या २६एएसमध्ये (पॅनवर जमा झालेल्या कराच्या उताऱ्यात) काहीच नाही. ही गोष्ट लक्षात येते जूनमध्ये, १६ए म्हणजे टीडीएसचं प्रमाणपत्र हातात पडल्यावर, आणि रिटर्नची मुदत असते ३१ जुलै.

आधी एक खात्री करून घ्या. बायकोचं नाव नुसतं कागदावर असेल आणि घराचा पैसा सगळा नवऱ्याचा असेल, तर भाड्यावरचा कर नवऱ्यालाच लागतो. मग फॉर्म चुकलेलाच नाही! तिचा पैसा, तिचं कर्ज किंवा वारसाहक्क खरा असेल तरच पुढचं वाचा.

पहिला मार्ग म्हणजे भाडेकरूकडून दुरुस्ती करून घेणं. कंपनीने २६क्यूचं (दर तिमाहीला टीडीएसचा तपशील देणाऱ्या फॉर्मचं) सुधारित स्टेटमेंट भरलं की दोघांच्या २६एएसमध्ये ३६,०००-३६,००० दिसतात आणि विषय संपतो. सगळ्यात स्वच्छ मार्ग हाच, पण किल्ली तुमच्या हातात नाही. ज्याने टीडीएस कापला त्यालाच स्टेटमेंट सुधारता येतं. अमेरिकेत १०९९ (मिळालेलं उत्पन्न कर खात्याला कळवणारा फॉर्म) चुकीच्या नावाने आला तर ज्याच्या नावाने आला तो स्वतःच खऱ्या मालकाच्या नावाने दुसरा १०९९ काढू शकतो. आपल्याकडे तशी सोय नाही. तेव्हा न्यू जर्सीतल्या भावाचा सल्ला इथे चालणार नाही. कंपनी मोठी असेल तर मेलला उत्तर येतं, काम मात्र बहुतेक पुढच्या तिमाहीच्या स्टेटमेंटबरोबर होतं.

भाडेकरू साधा नोकरदार असेल तर आणखी अवघड. महिन्याला ५०,००० च्या वर भाडं देणाऱ्याने वर्षातून एकदा किंवा घर सोडताना २ टक्के कापून २६क्यूसी हा फॉर्म भरायचा असतो. त्यातली दुरुस्तीही त्याच्याच लॉगिनने होते. तो एकदा बंगळुरूला गेला की फोन उचलेलच असं नाही. म्हणून डिपॉझिटचा शेवटचा हप्ता परत देण्याआधी २६क्यूसीची पावती मागा आणि तिच्यावरचा पॅन बघा.

दुसरा मार्ग रिटर्नमधला. आयकर नियम ३७बीए(२) सांगतो की उत्पन्न दुसऱ्याचं असेल तर टीडीएसचं क्रेडिटही त्यालाच मिळावं. रिटर्नच्या टीडीएसच्या तक्त्यात त्यासाठी रकाने आहेत. नवऱ्याने ७२,००० पैकी ३६,००० स्वतःकडे घ्यायचे आणि उरलेले ३६,००० बायकोचा पॅन टाकून तिच्याकडे वळवायचे. बायकोने तिच्या रिटर्नमध्ये तेच ३६,००० नवऱ्याच्या पॅनसह आणि कंपनीच्या टॅनसह (टीडीएस कापणाऱ्याच्या नोंदणी क्रमांकासह) दाखवायचे. दोन्हीकडे रुपयाचाही फरक नको. भाडंही ३,६०,०००-३,६०,००० असंच दिसलं पाहिजे. दुसऱ्याच्या पॅनवरचं क्रेडिट मागणाऱ्याला ‘सहज’ म्हणजे आयटीआर-१ चालत नाही, आयटीआर-२ भरावा लागतो. इथे बरेच जण अडकतात.

यात एक खोच आहे. नियमाप्रमाणे ज्याच्या नावावर कापलं त्याने भाडेकरूला लेखी जाहीरपत्र द्यायचं आणि भाडेकरूने त्यानुसार नोंद करायची. ती नोंद झाली नसेल तर बायकोचं क्रेडिट १४३(१) च्या इंटिमेशनमध्ये, म्हणजे रिटर्न तपासून खातं पाठवतं त्या हिशेबात, उडू शकतं. म्हणून हा मार्ग घेतला तरी पत्र पाठवाच आणि पोच जपून ठेवा.

गोव्यात मात्र नवरा-बायकोत अशी वाटणी ही रोजचीच गोष्ट. तिथल्या नागरी कायद्यामुळे, आयकर कायद्याच्या कलम ५ए प्रमाणे, भाड्याचं उत्पन्न नवरा-बायकोत निम्मं वाटलं जातं, म्हणून त्यांच्या रिटर्नमध्ये वेगळा तक्ताच आहे.

तिसरा मार्ग लोक गुपचूप घेतात: ज्याच्या पॅनवर टीडीएस, त्याच्याच रिटर्नमध्ये सगळं भाडं. आकडे बघा. बायकोच्या ३,६०,००० मधून ३० टक्के प्रमाणित वजावट गेली की उरतात २,५२,०००. तिला दुसरं उत्पन्न नसेल तर कर शून्य आणि ३६,००० चा रिफंड. हेच नवऱ्याच्या ३० टक्क्यांच्या स्लॅबमध्ये टाकलं तर ७५,६०० रुपये कर, वर सेस. शिवाय उत्पन्न कायद्याने तिचं ते तिचंच राहतं. आळसासाठी एवढे पैसे कोण देतं?

मी असा निवडेन. चुकलेला पॅन सहमालकाचा आणि वेळ कमी असेल, तर रिटर्नमधले रकाने वापरा, पत्राची पोच हाताशी ठेवा. पॅन एका आकड्याने चुकून भलत्याच माणसाच्या नावावर गेला असेल, तर रकान्यांचा उपयोग नाही. त्या अनोळखी माणसाकडून काहीच होणार नाही, भाडेकरूच्याच मागे लागायचं. आणि ज्याच्या एआयएसमध्ये (आयकर पोर्टलवरच्या वार्षिक माहिती पत्रकात) दुसऱ्याचं भाडं दिसतंय त्याने फीडबॅकमध्ये ‘दुसऱ्या पॅनशी संबंधित’ हा पर्याय निवडावा. त्याने क्रेडिट हलत नाही, पण ‘उत्पन्न का दाखवलं नाही’ या नोटिशीला उत्तर तयार राहतं.

वडिलांच्या निधनानंतरही दुकानाचं भाडं त्यांच्याच पॅनवर कापलं जात असेल, तर रकान्यांच्या भानगडीत पडण्याआधी भाडेकरूला मृत्यूचा दाखला, वारसांचे पॅन आणि हिस्से लेखी कळवा. वर्षभर कोणी सांगितलंच नाही, तर अकाउंट्सवाले जुनाच पॅन चालवत राहतात.