रोजचे मरणचिंतन: कोणती वाट कोणाला मानवेल

नोव्हेंबर लागला की कोल्हापुरातल्या कॅथोलिक घरांत एक प्रश्न हमखास निघतो. १ तारखेला सर्व संतांचा सण झाला, २ तारखेला मृत भाविकांचा स्मरणदिन झाला, दफनभूमीत जाऊन कबरी धुतल्या, झेंडूची फुले वाहिली, मेणबत्त्या लावल्या. आता उरलेला महिना रोज काय करायचे? शेजारीपाजारी याला ‘तुमचा पितृपंधरवडा’ म्हणतात आणि ते फारसे चुकत नाहीत. फरक इतकाच की आम्ही पान वाढून ठेवत नाही, तर शुद्धिस्थानातील, म्हणजे स्वर्गात जाण्याआधी शुद्ध होत असलेल्या, आत्म्यांसाठी देवाकडे विनवणी करतो. हा प्रश्न मला आतापर्यंत दोघातिघांनी विचारला आहे आणि त्यांतल्या एकीच्या घरचे दुःख वर्षाच्या आतले होते. म्हणून मी स्वतः करून पाहिलेल्या चार गोष्टी येथे शेजारीशेजारी मांडतो आहे: मरणचिंतनाचा जुना ग्रंथ, मिस्सेची (चर्चमधल्या मुख्य उपासनेची) रोजची वाचने, निजण्यापूर्वीची रात्रीची प्रार्थना आणि रोझरी, म्हणजे मरियेचा माळेवरचा जप. मी कसोट्या दोनच लावल्या आहेत. चिंतन प्रार्थनेपर्यंत पोहोचते का, आणि अंग मोडून घरी आलेल्या दिवशीही ते पार पडते का?

ग्रंथापासून सुरुवात करतो, कारण हौसेने माणूस आधी त्याच्याकडेच वळतो. इटालियन धर्मगुरू संत आल्फोन्स लिगोरी यांनी १७५८ मध्ये ‘मरणाची तयारी’ या अर्थाच्या नावाने एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात ३६ चिंतने आहेत, प्रत्येकाचे तीन मुद्दे आहेत आणि प्रत्येक मुद्द्याच्या शेवटी मनापासून केलेली प्रार्थना आहे, त्यामुळे पहिल्या कसोटीला तो पूर्ण उतरतो. पण पहिल्याच चिंतनात नुकत्याच प्राण सोडलेल्या माणसाचे चित्र आहे, आणि लेखक कबरीतल्या देहाचे पुढे काय होते हेही सांगितल्यावाचून राहत नाही. माझे वडील मार्चमध्ये गेले आणि त्याच वर्षी १ नोव्हेंबरच्या रात्री मी हा ग्रंथ उघडला. चार पाने झाल्यावर तो मिटून उशाखाली न ठेवता थेट बाहेरच्या खोलीतल्या कपाटात नेऊन ठेवला. पुढे दोन वर्षांनी पुन्हा वाचला तेव्हा त्याची रचना लक्षात आली. रोज एक याप्रमाणे १ तारखेपासून वाचत गेल्यास २६, २७ आणि २८ तारखेला नरकावरची तीन चिंतने लागतात, २९ ला स्वर्ग येतो आणि ३० ला प्रार्थनेचे सामर्थ्य. म्हणजे आशेचे पान हाती येईपर्यंत जवळजवळ महिना संपलेला असतो. ज्याची प्रकृती धडधाकट आहे, व्यवसाय जोरात आहे आणि जो ‘बघू पुढे’ म्हणत धर्मगुरूंपुढचे पापनिवेदन वर्षानुवर्षे लांबणीवर टाकतो, त्याला खडबडून जागे करण्यासाठी हे लिखाण आहे, आणि धर्मगुरूंना प्रवचनांसाठी उपयोगी पडावे हाही त्यामागचा हेतू होता. त्या कामी ते आजही चोख आहे. ज्याच्या घरातला दिवा अजून विझवलेला नाही, त्याच्यासाठी ते नाही.

मिस्सेच्या वाचनांची गोष्ट वेगळी. तेथे काय वाचायचे हे आपण ठरवत नाही, ही त्यांची मोठी सोय आहे. आठवड्याच्या दिवसांचे पहिले वाचन दोन वर्षांच्या चक्राने येते आणि शुभवर्तमान दरवर्षी तेच असते. उपासना वर्षाच्या अखेरच्या आठवड्यांत, म्हणजे ख्रिस्तराजाच्या सणाच्या आगेमागे, सगळा रोख आपोआप शेवटच्या गोष्टींकडे, म्हणजे मरण, न्याय, स्वर्ग आणि नरक यांकडे वळतो. विषम वर्षी शलमोनाचा ज्ञानग्रंथ येतो, त्यानंतर मक्काबी, मग दानिएल. सम वर्षी अखेरचे दोन आठवडे बायबलच्या शेवटच्या, प्रकटीकरण या पुस्तकाचे असतात. येथे कोल्हापूरकरांसाठी एक व्यवहाराची सूचना केली पाहिजे. आपल्या शहरात ख्रिस्ती धर्म रुजवला तो मुख्यतः अमेरिकन प्रेस्बिटेरियन (प्रोटेस्टंट) मिशनने, त्यामुळे कॅथोलिक घरांतही आजी-आजोबांकडून आलेले मराठी बायबल बऱ्याचदा ६६ पुस्तकांचे असते. नीतिमानांचे आत्मे देवाच्या हाती आहेत, हे ज्ञानग्रंथाच्या तिसऱ्या अध्यायातले वचन त्यात शोधून सापडणार नाही, आणि सात मुलगे डोळ्यांदेखत मारले जात असताना पुनरुत्थानाच्या आशेवर उभ्या राहिलेल्या आईची मक्काबीच्या दुसऱ्या पुस्तकातली कथाही सापडणार नाही. ७३ पुस्तकांची कॅथोलिक आवृत्ती आधी घ्यावी, मगच ही वाट धरावी. हिची उणीव पहिल्या कसोटीवर उघडी पडते. वाचन होते, त्यावरचे छापील मनन होते, मान डोलते आणि फोन बाजूला ठेवला जातो. प्रार्थना राहून जाते. सकाळच्या मिस्सेला जाणे ज्यांना जमते त्यांच्याबाबतीत हा दोष संभवत नाही, पण शिरोलीच्या फौंड्रीत पहिल्या पाळीला जाणाऱ्याला ते जमत नाही.

आता रात्रीची प्रार्थना. माझा कल हिच्याकडे आहे, हे आधीच सांगितलेले बरे. धर्मगुरू, मठवासी आणि सिस्टर्स दिवसाच्या ठरावीक प्रहरी जी प्रार्थना करतात, तिचा हा शेवटचा प्रहर. १९७० च्या सुधारणेनंतर सामान्य भाविकांनीही या प्रार्थनेत सहभागी व्हावे असे चर्चने आवर्जून सुचवले. वेळ जेमतेम दहा मिनिटे. आधी दिवसाचा थोडक्यात हिशेब आणि क्षमायाचना, मग स्तोत्र, एक छोटे वचन, ‘तुझ्या हाती मी माझा आत्मा सोपवतो’ हा प्रतिसाद, शिमोनाचे गीत, आणि शेवटी शांत रात्र व परिपूर्ण अंत मागणारा आशीर्वाद, त्यानंतर मरियेचे गीत. झोप ही मरणाची रोजची रंगीत तालीम आहे, हा विचार येथे कोणी समजावून सांगत नाही, तो तुमच्याकडून करवून घेतला जातो. वधस्तंभावर येशूने अखेरच्या क्षणी उच्चारलेले शब्द ३१ व्या स्तोत्रातले आहेत आणि तेच शब्द आपण अंथरुणावर पाठ टेकण्याआधी म्हणतो. बाळ येशूला हातात घेऊन ‘आता आपल्या दासाला शांतीने जाऊ दे’ म्हणणारा शिमोन म्हातारा झालेला आहे आणि जायला राजी आहे. आमच्याकडे पिकले पान म्हणतात, पण हे पान तक्रार न करता गळायला तयार आहे.

स्तोत्रे वारांप्रमाणे ठरलेली आहेत आणि त्यांचे चढउतार पाहण्यासारखे आहेत. बुधवारी ३१ व्या स्तोत्रासोबत १३० वे येते, ‘खोल गर्तेतून मी तुला हाक मारतो’, जे आपण अंत्यविधीतही ऐकलेले असते. गुरुवारी १६ वे येते. देव आपल्या भक्ताला अधोलोकात टाकून देणार नाही असे ते म्हणते आणि पेंटेकॉस्टच्या दिवशी, म्हणजे शिष्यांवर पवित्र आत्मा उतरला तेव्हा, पेत्राने येशूच्या पुनरुत्थानाची साक्ष देताना याच ओळी वापरल्या. शुक्रवारी मात्र ८८ वे स्तोत्र आहे. सबंध स्तोत्रसंहितेत इतके काळे दुसरे नाही. ते अंधारात सुरू होते आणि अंधारातच संपते, शेवटी सांत्वनाची एक ओळदेखील नाही. वडील गेल्यानंतरच्या त्या वर्षात मला लिगोरी सोसले नाहीत आणि हे स्तोत्र सोसले, याचे मला बरेच दिवस नवल वाटत होते. कारण बहुधा असे की तेथे मला कोणी बजावत नव्हते. माझ्या वतीने कोणीतरी देवाशी भांडत होते, आणि भांडण संपताच शिमोनाचे गीत येत होते. ज्यांना शुक्रवार पेलणार नाही त्यांनी रविवारचे ९१ वे स्तोत्र घ्यावे, नियमानुसार ते कोणत्याही दिवशी चालते. ही प्रार्थना मी इंग्रजी ॲपवरून म्हणतो, स्तोत्रे मात्र मराठी बायबलमधून घेतो, आणि ती त्या जुन्या ६६ पुस्तकांच्या प्रतीतही आहेत. एक उणीव मान्य केली पाहिजे. ही प्रार्थना म्हणणाऱ्याच्या स्वतःच्या मरणाविषयी आहे, आपल्या गेलेल्या माणसाचे नाव तीत कोठेच येत नाही.

ती जागा रोझरी भरून काढते. आजरा-चंदगडकडून शहरात आलेल्या कोकणी बोलणाऱ्या घरांत ती आजही दिवेलागणीला, सगळ्यांनी एकत्र गुडघे टेकून होते, आणि त्याच वेळी भिंतीपलीकडे हरिपाठ चालू असतो. ‘नमो मारिया’ या प्रार्थनेतली ‘आता आणि आमच्या मरणाच्या वेळी’ ही ओळ १५६८ च्या प्रार्थनाग्रंथात पक्की झाली आणि एका जपात ती ५३ वेळा म्हटली जाते. बुधवारी आणि रविवारी गौरवाची रहस्ये (जपताना मनन करायचे प्रसंग) असतात, म्हणजे पुनरुत्थानापासून मरियेच्या स्वर्गातील मुकुटापर्यंत आशेचा सारा प्रवास वीस मिनिटांत होतो. प्रत्येक दशकाआधी, म्हणजे दहा मण्यांच्या गटाआधी, मृताचे नाव घेता येते. आपल्या प्रार्थनेने मृतांना साहाय्य करायला कधीच उशीर झालेला नसतो, असे पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी आशेवरच्या २००७ च्या परिपत्रात लिहिले आहे, त्याचा घरगुती अनुभव मला येथेच आला. आमच्या आईची माळ एकदा तुटली आणि नायलॉनच्या दोऱ्यात पुन्हा ओवताना एक मणी कोठेतरी गेला, त्यामुळे तिसऱ्या दशकात नऊच मणी आहेत. तेथे आली की ती थांबते, दहावी नमो मारिया अंगठ्याच्या पेरावर म्हणते, आणि ती वडिलांची असे तिने ठरवून टाकले आहे. रोझरीचा धोका सर्वांना माहीत आहे: जीभ चालू राहते आणि मन महाद्वार रोडवर खरेदीला जाते. एकट्याने म्हणताना तो वाढतो, चौघांत कमी होतो.

१ ते ८ नोव्हेंबर दरम्यान दफनभूमीला भेट देऊन मृतांसाठी प्रार्थना केल्यास त्यांच्यासाठी पूर्ण दंडमाफी, म्हणजे पापांच्या उरलेल्या शिक्षेतून सुटका, मिळवता येते. त्यासाठी पापनिवेदन, ख्रिस्तशरीर स्वीकारणे आणि पोपच्या हेतूंसाठी प्रार्थना या नेहमीच्या अटी आहेत. वरीलपैकी कोणतीही वाट घेतली तरी हे आठ दिवस हातचे जाऊ देऊ नयेत.

तेव्हा ज्या घरात वर्षाच्या आत मृत्यू झाला आहे आणि संध्याकाळी दोन-तीन माणसे एकत्र येतात, त्यांनी रोझरी धरावी. एकटे राहणाऱ्यांनी आणि पाळ्यांत काम करणाऱ्यांनी रात्रीची प्रार्थना धरावी. सकाळ मोकळी असणाऱ्यांनी वाचने घ्यावीत, पण मिस्सेसह. लिगोरी मी वर्षश्राद्धासारखे वर्ष उलटल्यानंतर आणि शक्यतो दिवसाउजेडी वाचायला सांगेन, तेही २९ वे चिंतन आधी वाचून. आमच्या घरी सध्या आई सात वाजता माळ घेते. धाकटा भाऊ दुसऱ्या पाळीवरून रात्री साडेबाराला येतो, गाडी स्टँडवर लावून जिन्यातच, दिवा न लावता फोनच्या उजेडात रात्रीची प्रार्थना म्हणतो, आणि शुक्रवारी न विसरता ९१ वे स्तोत्र घेतो.