लाल आकडा लपवायची सोय करा: दीड वर्षाच्या वापरानंतर

मागच्या आठवड्यात माझं म्युच्युअल फंडाचं अ‍ॅप अपडेट झालं आणि 'आजचा तोटा' उघडल्या उघडल्या समोर यायला लागला, तोही ठळक लाल. आधी तो लपवता यायचा. कस्टमर केअरला तीन मेल केले, एकदा फोन केला. 'सेटिंग काढून टाकलं आहे' एवढंच उत्तर. बाकीच्यांना ही बारीक गोष्ट वाटेल, मला नाही.

मी सप्टेंबर २०२४ मध्ये सुरुवात केली. डायरेक्ट प्लॅन, म्हणजे मधे एजंट नाही, कमिशन वाचतं, म्हणूनच हे घेतलं. महिना १५,००० ची एसआयपी (दर महिन्याची ठरावीक गुंतवणूक): ९,००० इक्विटी (शेअर), ३,००० डेट (कर्जरोखे), ३,००० गोल्ड फंड. २७ सप्टेंबरला निफ्टी, म्हणजे शेअर बाजाराचा निर्देशांक, २६,२७७ वर गेला आणि तिथून सलग पाच महिने पडला, फेब्रुवारीअखेर २२,१२४. हिंजवडीच्या बसमध्ये जाता-येता मी तो लाल आकडा बघायचो. शेवटी फेब्रुवारीत धीर सुटला, इक्विटीतले निम्मे युनिट विकले. वर्ष झालं नव्हतं, म्हणून वर १ टक्का एक्झिट लोड, म्हणजे लवकर बाहेर पडल्याचं शुल्क. ते पैसे अजून सलतात.

कानेमन आणि ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्येच मांडलंय की नफ्याच्या आनंदापेक्षा तेवढ्याच तोट्याचं दुःख जास्त असतं. १९९५ मध्ये बेनार्टझी आणि थेलर या अर्थतज्ज्ञांनी पुढचं दाखवलं: जितक्या जास्त वेळा बघाल तितका तोटा जास्त वेळा दिसेल. रोज बघितलं तर जवळपास निम्मे दिवस लालच असतात. मग तो आकडा पहिल्या पानावर कशासाठी?

गोल्ड फंडाबद्दल मात्र मत बदललं. आई गुरुपुष्यामृताला लक्ष्मी रोडवरून ग्रॅमभर वेढणं आणतेच, मग फंड कशाला, असं वाटायचं. पण शेअर पडत होते तेव्हा सोनं चढत होतं, आणि एप्रिल २०२५ मध्ये तोळा लाखाच्या घरात गेला. ते ३,००० नसते तर मी उरलेले युनिटही विकले असते.

अ‍ॅपमधली 'ओव्हरलॅप' सोय उत्तम आहे; आपल्या फंडांत तेच ते शेअर किती आहेत ते ती दाखवते. माझे तीन लार्ज कॅप (मोठ्या कंपन्यांचे) फंड म्हणजे मला विविधता वाटत होती. बाजार नियामक सेबीच्या नियमाने अशा प्रत्येक फंडाचे किमान ८० टक्के पैसे बाजारमूल्याने पहिल्या १०० कंपन्यांतच असतात, त्यामुळे तिन्हींत त्याच बँका निघाल्या. अर्थतज्ज्ञ मार्कोविट्झने १९५२ मध्ये हेच सांगितलं होतं: किती गोष्टी घेतल्या यापेक्षा त्या एकत्र पडतात का, ते बघा. दोन फंडांची एसआयपी बंद केली.

पाचपैकी तीन तारे. फोनवरून अ‍ॅप काढलंय. महिन्याच्या पहिल्या रविवारी कॉम्प्युटरवर बघतो. सेटिंग परत आलं की चौथा तारा देईन.