नोकरी करत करत ऑर्गनायझेशनल बिहेवियर शिकतोय, आठ महिन्यांनंतरचा अनुभव

विद्यापीठात लीडरशिप आणि ऑर्गनायझेशनल बिहेवियरचा (म्हणजे कामाच्या ठिकाणी माणसं आणि टीम्स कशा वागतात याचा) पार्ट टाइम कोर्स घेतला त्याला आठ महिने झाले, दोन सेमिस्टर संपल्यात. ॲडमिशनच्या आधी मी खूप शोधलं होतं, पण सगळीकडे 'करिअरला फायदा होतो' एवढंच, वर्गात नक्की काय शिकवतात ते कोणी सांगत नव्हतं, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

सुरुवातीचा महिना कंटाळवाणा गेला, खरं सांगतो. व्याख्या, मॉडेल, परत व्याख्या. पण आमच्या मॅडम एक गोष्ट फार छान करायच्या, थिअरी शिकवली की तिच्यावरचे आक्षेपही लगेच सांगायच्या. म्हणजे मॅस्लो या मानसशास्त्रज्ञाचा तो माणसाच्या गरजांचा पिरॅमिड सगळ्यांना माहितीये, पण त्याच्या 1943 च्या लेखात पिरॅमिड नाहीच, तो नंतर दुसऱ्यांनी काढला. अमेरिकेतल्या हॉथॉर्नच्या कारखान्यातले प्रकाशाचे प्रयोग 1924 पासूनचे, आपल्याकडे लक्ष दिलं जातंय म्हणूनच कामगार जास्त काम करतात असं त्यावरून सांगतात, पण त्यांचे मूळ आकडे पुष्कळ वर्षांनी पुन्हा तपासले तर परिणाम सांगतात तेवढा ठळक निघाला नाही. यामुळे कुठलंही मॉडेल डोळे झाकून मान्य करायची सवय गेली.

मला सगळ्यात जास्त भिडलं ते हार्वर्डच्या प्राध्यापक एमी एडमंडसन यांचं काम. हॉस्पिटलमधल्या टीम्सचा अभ्यास करताना त्यांना वाटलं होतं की चांगल्या टीममध्ये औषधांच्या चुका कमी दिसतील, आकडे आले उलटे, चांगल्या टीममध्ये चुकांची नोंद जास्त. नंतर लक्षात आलं की तिथली माणसं चूक झाली तर मोकळेपणानं सांगत होती. त्यातूनच पुढे सायकॉलॉजिकल सेफ्टीवरचा, म्हणजे टीममध्ये न घाबरता चूक किंवा अडचण बोलता येण्यावरचा, त्यांचा 1999 चा पेपर आला.

हे वाचलं त्याच सुमारास आमच्या एका कामाची डेडलाइन चुकली होती. माझी टीम सात जणांची, दर मीटिंगला मी विचारायचो 'काही अडचण?' आणि सगळे गप्प, मी समजायचो सगळं ठीक आहे. नंतर कळलं की दोघांना तीन आठवडे आधीच माहीत होतं. त्यातल्या एकीला बाजूला बसवून शांतपणे विचारलं, तर ती म्हणाली, "सर, मागे एकानं अडचण सांगितली तेव्हा तुम्ही सगळ्यांसमोर त्याला 'हे आत्ता सांगतोयस?' असं म्हणालात, त्यानंतर कोण बोलणार?" मला ते वाक्य आठवतही नव्हतं, त्यांना सगळ्यांना आठवत होतं.

आता मीटिंगची सुरुवात मी स्वतः या आठवड्यात कुठे अडकलो, काय चुकलं ते सांगून करतो. लगेच काही झालं नाही, जवळजवळ दोन महिने मी एकटाच बोलत होतो, मग हळूहळू एकेक जण बोलायला लागला. मला विचाराल तर अख्ख्या कोर्सची फी इथेच वसूल झाली.

तक्रारी पण आहेत. रिसर्च मेथड्समध्ये स्टॅटिस्टिक्स बरंच आहे, रिग्रेशन वगैरे, आणि प्रॉस्पेक्टसमध्ये त्याचा अंदाजच येत नाही, गणित सुटून वर्षं झाली असतील तर आधी थोडी उजळणी करून या. आणि ग्रुप प्रोजेक्ट! पाच जणांचा ग्रुप, काम दोघांचं, मार्क सगळ्यांना सारखे. दोर ओढताना माणसं वाढली की प्रत्येकाचा जोर कमी पडतो हे रिंगेलमान या फ्रेंच इंजिनिअरनं शंभरहून जास्त वर्षांपूर्वी दाखवलंय, तेच शिकवणाऱ्या विषयात मार्कांची पद्धत मात्र अशी, हे मला पटलं नाही. दुसऱ्या सेमिस्टरला आम्ही कोण काय करणार हे पहिल्याच दिवशी नावानिशी लिहून काढलं, तेव्हा फरक पडला.

ज्यांनी अजून नोकरी केलेली नाही त्यांनी एखादं वर्ष काम करून मग हा कोर्स घ्यावा असं मला वाटतं. वर्गातल्या फ्रेशर मुलांना हर्झबर्ग या मानसशास्त्रज्ञाचं पगार आणि समाधानाचं प्रकरण (पगार कमी असेल तर माणूस नाराज होतो, पण नुसता पगार वाढवून कामात समाधान येत नाही) पाठ होतं, पण आमच्यासारखं त्यावर तासभर भांडता येत नव्हतं. पुढच्या सेमिस्टरला निगोशिएशन घेतलंय, ते संपलं की त्याच्यावर पण लिहीन.