सर रजेवर, दहावी वर्गात: व्हिडिओ, तासिकेवरचा मुलगा की घडीचे कागद?

पारोळ्याकडच्या एका शिक्षकमित्राचा परवा फोन आला. जानेवारीत त्याला दीड महिना रजा घ्यावी लागणार आहे. नववी-दहावीचं गणित आणि विज्ञान भाग एक, दोन्ही त्याच्याकडेच. "व्हिडिओ लावून देऊ का, की एखादा पोरगा पाहू?" असं त्यानं विचारलं. मी फोनवर काहीतरी गुळमुळीत बोललो आणि ठेवून दिला. नंतर वाटलं, हा माणूस खरंच अडचणीत आहे, नीट सांगायला हवं होतं. म्हणून हे.

मी दोनदा लांब रजेवर गेलोय. पहिल्यांदा चोपडा रस्त्यावर मोटारसायकल घसरली आणि पाय सहा आठवडे प्लास्टरमध्ये गेला. दुसऱ्यांदा वडील गोठ्यात पडले, खुब्याचं ऑपरेशन झालं, नाशिकला मुक्काम पडला. तेही सहा आठवड्यांचंच निघालं. पहिल्या खेपेला तीन आठवडे वर्गात व्हिडिओ चालले आणि पुढचे तीन आठवडे हेडसरांनी तासिका तत्त्वावर, म्हणजे तासाप्रमाणे मानधनावर, एक मुलगा आणला. दुसऱ्या खेपेला मी निघण्याआधी तीस कागद तयार करून ठेवले. तेव्हा तिन्ही प्रकार एकाच शाळेत पाहिलेत, वर्ग मात्र वेगवेगळे होते. माझ्या मताला तेवढी सूट द्या.

व्हिडिओंना उगाच नावं ठेवणाऱ्यांतला मी नाही. बालभारतीच्या पुस्तकावरचा क्यूआर कोड स्कॅन केला की दीक्षा या सरकारी ॲपवर पाठाशी जुळणारं काही ना काही निघतं, यूट्यूबवर तर ढीग आहे. काही गोष्टी मी फळ्यावर जन्मभर दाखवल्या तरी तिथल्यासारख्या दाखवू शकणार नाही. विद्युत मोटर घ्या. ते दोन तुकड्यांचं कडं अर्ध्या फेरीनंतर कुंडलातल्या, म्हणजे तारेच्या वेटोळ्यातल्या, प्रवाहाची दिशा उलटवतं, म्हणून कुंडल मागे न फिरता पुढेच फिरत राहतं. हे मी खडूनं काढतो तेव्हा मुलांना त्यात बांगडी दिसते. हलत्या चित्रात ते अर्ध्या मिनिटात डोक्यात बसतं. तीच गोष्ट भौमितिक रचनांची: बाहेरच्या बिंदूतून वर्तुळाला स्पर्शिका काढताना कंपासचं टोक कुठे टेकवायचं हे पाहूनच कळतं. शिवाय कापूस वेचणीच्या दिवसांत जी मुलं आठ-आठ दिवस शेतात असतात, त्यांना मागचा पाठ रात्री घरी पाहता येतो. ही सोय मोठी आहे.

लाइट जाते, हे सांगायला नको. हिंदी व्हिडिओत 'फोकस दूरी' ऐकून मुलं पेपरात 'नाभीय अंतर' पाहून बिचकतात, पण त्यावर इलाज आहे, शब्दांची एक यादी भिंतीवर चिकटवा.

माझा जीव ज्यात अडकला ती गोष्ट वेगळी. प्लास्टर निघाल्यावर शाळेत आलो आणि दहावीच्या वह्या तपासायला घेतल्या. इतक्या सुंदर वह्या मी नोकरीत पाहिल्या नव्हत्या. प्रत्येक उदाहरण पूर्ण, प्रत्येक उत्तराला चौकट, एकक लिहिलेलं, कुठे खाडाखोड नाही. पहिल्या पाच वह्या पाहून मला भरून आलं. सहाव्या वहीला शंका आली. पडद्यावरचं जसंच्या तसं उतरवलेलं होतं, एका वहीत तर 'तो मित्रों' हेही लिहिलं होतं.

मग एक साधं उदाहरण दिलं. बहिर्वक्र भिंग, नाभीय अंतर २० सेंटिमीटर, वस्तू ३० सेंटिमीटरवर, प्रतिमा कुठे? भिंगाचं सूत्र असं: एक छेद प्रतिमेचं अंतर वजा एक छेद वस्तूचं अंतर बरोबर एक छेद नाभीय अंतर. पुस्तकाच्या चिन्हसंकेतानं वस्तूचं अंतर ऋण ३० घ्यायचं, एक छेद २० मधून एक छेद ३० गेलं की एक छेद ६० उरतं, प्रतिमा ६० सेंटिमीटरवर. वर्गातल्या निम्म्याहून जास्त मुलांचं उत्तर आलं १२. मला वाटलं सगळ्यांची एकच चूक आहे, अर्धा तास ऋण चिन्हावर शिकवलं, पुन्हा दिलं, तरी कित्येकांचं १२ च. तेव्हा एकेकाला फळ्यावर बोलावलं आणि उलगडा झाला. काही जण वस्तूचं अंतर धन घेत होते. दुसरे चिन्ह बरोबर घेत होते, पण सूत्र नववीतल्या आरशाचं वापरत होते, जिथे वजाऐवजी अधिक असतं. दोन्ही वाटांनी गेलं तर उत्तर नेमकं १२ च येतं. करून पाहा. दुखणी दोन, औषधं वेगळी, आणि वरून दिसणारा ताप अगदी सारखा.

वहीत खाडाखोड असती तर हे मला पाच मिनिटांत कळलं असतं. तिथे सगळीकडे नेटकी बरोबर उत्तरं लिहिलेली होती. सहा आठवड्यांत कोण कुठे घसरलं याचा एकही माग नाही, म्हणून मला गुरुत्वाकर्षणापासून पुन्हा खोदावं लागलं. तेव्हापासून मागे कोणती सोय लावायची हे मी एकाच गोष्टीवरून ठरवतो: मी परत येईन तेव्हा वहीत चुका सापडतील का?

आता तासिकेवरचा मुलगा. बी.एस्सी. झालेला, गावातलाच, पोलीस भरतीची तयारी करणारा. त्याचा एक गुण मी कधी विसरणार नाही. तो पोरांशी अहिराणीत बोलायचा. आमच्या वर्गात प्रमाण मराठीत शंका विचारायची म्हणजे मुलं आधी वाक्य जुळवतात, मग लाजतात, मग गप्प बसतात. त्याच्यासमोर मात्र मागच्या बाकावरून थेट आवाज यायचा, "सर, हाई ऋण कथाईन उनं?" म्हणजे हे ऋण कुठून आलं? गणितात याहून चांगला प्रश्न नसतो. व्हिडिओला तो विचारता येत नाही आणि मला, खरं सांगायचं तर, पोरं तो विचारत नव्हती. मी आता अधूनमधून अहिराणीत शिकवतो, ती त्याचीच देणगी.

पण तो घाईचा मास्तर होता. स्पर्धा परीक्षेची सवय, त्यामुळे प्रत्येक ठिकाणी ट्रिक. दोन चलांतली समीकरणं निश्चयक पद्धतीनं सोडवायला पुस्तक सांगतं, यानं तिरकस गुणाकार शिकवला. उत्तर तेच, पण बोर्डाच्या ४० गुणांच्या पेपरात पायऱ्यांना गुण असतात आणि 'निश्चयक पद्धतीने सोडवा' म्हटल्यावर ट्रिक कोण चालवून घेणार? मुलं अडली की हा खडू घेऊन स्वतः सोडवून टाकायचा. "समजनं का रे?" "हाव सर!" पुन्हा वह्या स्वच्छ. तिसऱ्या आठवड्यात त्याला मैदानी चाचणीचं बोलावणं आलं आणि तो गेला. त्यात त्याचा काय दोष? मानधनाचे कागद पुढे किती महिने फिरले ते विचारू नका. तुमच्या गावात एखादे निवृत्त, शांत, पोरांना बोलू देणारे गुरुजी असतील तर हा सगळा परिच्छेद विसरा आणि त्यांच्या पाया पडा. असे गुरुजी मिळणं हाच प्रश्न आहे.

खासगी क्लासवर सोडून द्यायचा पर्याय मी मोजतच नाही. ज्यांना परवडतो ती मुलं आधीच तिथे जातात, प्रश्न उरलेल्यांचा असतो.

दुसऱ्या रजेच्या वेळी जे केलं त्याला नाव नाही. आमच्याकडे मुलं 'घडीचे कागद' म्हणायची. दर दिवसाला अर्ध्या पानाचा एक कागद, घडी घालून, वर तारीख. त्यात तीनच प्रश्न. पहिला कालच्या भागावरचा सोपा. दुसरा आजचा. तिसऱ्यात मी उदाहरण पूर्ण सोडवून दिलेलं, पण मुद्दाम एक पायरी चुकवलेली, ती शोधायची आणि का चुकली ते एका वाक्यात लिहायचं. चौघांचा गट, गटात मिळून एक पेन. पेन्सिल नाही, खोडरबर तर सरळ जप्त. चुकलं तर एक आडवी रेघ मारून खाली पुन्हा लिहायचं. वर्गात बसायला आमच्या मराठीच्या बाई. संध्याकाळी सहाला त्या प्रत्येक गटाच्या एका पानाचा फोटो मला पाठवायच्या आणि सातला मी बाईंच्या मोबाइलवर फोन करायचो. शाळेजवळ राहणारी पाच-सहा मुलं तेवढ्यासाठी बाईंच्या ओट्यावर जमायची. नाशिकच्या दवाखान्याच्या जिन्यात बसून मी वीस मिनिटं बोलायचो, त्याहून जास्त कधी नाही.

गणित न येणारी व्यक्ती वर्गात बसवणं हा नाइलाज होता. तोच सगळ्यात कामाचा निघाला. बाईंकडे नुसती उत्तराची चिठ्ठी होती, रीत माहीत नसल्यामुळे त्या सोडवून देऊच शकत नव्हत्या. मी त्यांना तीन प्रश्न लिहून दिले होते: काय दिलंय, काय काढायचंय, ही ओळ वरच्या ओळीतून कशी आली? शेवटच्या प्रश्नावर त्या खरोखर अडून बसायच्या. एक मुलगी म्हणाली, "बाई, हे पाच इकडून तिकडं नेले." बाई म्हणाल्या, "नेले म्हणजे? आणि जाताना अधिकाचे वजा का झाले?" मुलगी म्हणे, "होतात तसे." बाईंना काही पटेना. मराठी शिकवणारी बाई, क्रियापदाला कर्ता कोण हे विचारणारच. दोन दिवस तो गट घुटमळला आणि मग त्यांना आपसूक दिसलं की काही कुठे जात नाही, दोन्ही बाजूंतून पाच वजा केलेत एवढंच. मी पंधरा वर्षं 'इकडून तिकडं' शिकवत आलोय आणि कुणी मला कधी हटकलं नव्हतं.

भौतिकशास्त्रात एका कागदावर मी फक्त लिहिलं होतं: खिडकीसमोरच्या भिंतीजवळ भिंग धरा, लांबच्या केळीच्या बागेचं चित्र भिंतीवर स्पष्ट येईपर्यंत पुढेमागे करा, मग पट्टीनं अंतर मोजा. दूरची वस्तू असली की ते अंतर म्हणजेच नाभीय अंतर. उलटी केळी पाहून वर्गात जो गोंधळ झाला तो शेजारच्या वर्गापर्यंत गेला, हेडसर पाहायला आले आणि म्हणे स्वतःच भिंग धरून उभे राहिले. यासाठी वर्गात भौतिकीचा जाणकार लागत नाही.

तोटे आहेत, आणि ते लपवणं बरं नाही. तीस कागद करायला मला दोन आठवड्यांच्या रात्री गेल्या. अचानक प्लास्टरमध्ये गेलेल्या माणसाला हे जमणार नाही, तेव्हा व्हिडिओच हाताशी येतील. वेग कमी असतो. सहा आठवड्यांत मी असतो तर जे झालं असतं त्याच्या साधारण दोनतृतीयांश झालं, असा माझा अंदाज. गटात एखादं मूल दुसऱ्याच्या पाठीमागे लपतं, त्यावर मला नीट उपाय सापडलेला नाही. पेन रोज दुसऱ्याच्या हातात द्यायचा एवढाच. आणि बारावीच्या, सीईटी देणाऱ्या मुलांना मी हे सांगणार नाही. तिथे अभ्यासक्रमाचा पसारा मोठा असतो, मुलं मोठी असतात, चांगले व्हिडिओ आणि एखादा जाणकार शिक्षक हेच बरं. माझं बोलणं नववी-दहावीपुरतं.

परत आलो तेव्हा वह्या घाण होत्या. रेघोट्या, आडव्या काट, बाजूला 'चुकलं', एका ठिकाणी 'आरशाचं सूत्र घेतलं' असंही. पहिल्याच दिवशी मला कळलं की कुणाला कुठून उचलायचं आहे. तीन तासांत मागची उजळणी आटोपली. आधीच्या खेपेला तिला तीन आठवडे लागले होते. आता दोन वेगळ्या वर्षांचे वर्ग, वेगळी मुलं, त्यामुळे मी छातीठोकपणे काही म्हणत नाही. पण मित्रानं पुन्हा विचारलं तर उत्तर द्यायला मला आता वेळ लागणार नाही.

तसं पाहिलं तर शिकवणारा मागे नसताना शिकणं चालू ठेवायची सोय आपल्या भागात नवी नाही. चाळीसगावजवळच्या पाटणच्या शिलालेखात नोंद आहे की भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानं आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून तिथे मठ काढला, आणि १२०७ साली त्याला दानं मिळाली. त्याला आजोबांचे तयार ग्रंथ होते, आपल्याला झेरॉक्सचं दुकान आहे.

मित्रा, तुझ्याकडे अजून वेळ आहे. मोटर आणि भौमितिक रचना या दोन भागांचे व्हिडिओ आधीच मोबाइलमध्ये उतरवून घे, तेवढे लाव. बाकीच्या दिवसांसाठी माझे तीस कागद पाठवतो, झेरॉक्स काढ. वर्गात बसायला भाषेच्या किंवा इतिहासाच्या कुणालातरी विनव, शक्यतो प्रश्न विचारायला न लाजणाऱ्या माणसाला. एक सांगायचं राहिलं. चौदाव्या कागदावर अंकगणिती श्रेढीचा प्रश्न आहे, चारनं भाग जाणाऱ्या दोन अंकी संख्या किती. बाईंना दिलेल्या उत्तराच्या चिठ्ठीत मी २४ लिहिलं होतं. त्या रात्री फोनवर पहिलंच वाक्य आलं, "सर, तुम्ही चार आणि आठ पण मोजले." उत्तर २२ आहे. चिठ्ठी मी दुरुस्त केलेली नाही, तूही करू नकोस.